ठरावानंतरचे काम



उपाशी मुलाला भागाकार शिकविता येत नाही, हे मी शिक्षक म्हणून अनुभवाने सांगतो. सरकारलाही हे ठाऊक होते. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्राने प्राथमिक शाळांसाठी पोषण आहार योजना सुरू केली. हेतू शिजविलेल्या अन्नाचा होता. पण बहुतेक राज्यांत मुलांच्या हाती महिन्याला तीन किलो धान्य पडले. धान्य घरी गेले, दुपारची भूक वर्गातच राहिली.

२००१ साली पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज ही संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली. २८ नोव्हेंबरला आदेश झाला : सहा महिन्यांत शिजविलेले अन्न द्या, किमान ३०० कॅलरी आणि ८ ते १२ ग्रॅम प्रथिनांचे. तरीही कित्येक राज्यांनी मुदत पाळली नाही. तेव्हा अन्नाच्या हक्कासाठी झटणाऱ्या संस्थांनी शाळाशाळांतून पाहणी केली, न्यायालयाने नेमलेल्या आयुक्तांपुढे उणिवा मांडल्या. मग हळूहळू चुली पेटल्या.

सांगायचे एवढेच की, मागणी मान्य झाली म्हणजे संस्थेचे काम संपत नाही. खरे काम तिथून सुरू होते. आपणही सत्कार आणि ठराव करून थांबू नये. पालकहो, एखाद्या दुपारी शाळेत या. धान्य केव्हा आले, किती मुले जेवली, हे विचारा, तारखेनिशी लिहून ठेवा. उणीव दिसली तर आधी मुख्याध्यापकांना, नंतर शिक्षणाधिकाऱ्यांना लेखी कळवा. आम्हा शिक्षकांनाही विचारा. आम्ही रागावणार नाही.