श्वानाचें हृदय आणि रक्ताची गुठळी

नाशिकच्या गंगापूर रस्त्यावर पहांटे फिरावयास निघणाऱ्या कुत्र्यांत एखादा वृद्ध पॉमेरेनियन असा दिसावा, कीं शंभर पावलें चालतांच त्याचे मागचे पाय लटपटतात, तो बसतो, आणि घटकाभर विसांवून पुन्हा चालूं लागतो. "संधिवात असेल," असें म्हणून घरची मंडळी पायांस तेल चोळतात. पुष्कळदां तें निदान बरोबरही असतें. परंतु मागचे पंजे हातास गार लागत असतील आणि मांडीच्या आंतल्या बाजूची नाडी सांपडत नसेल, तर तेल चोळण्यांत दिवस दवडूं नयेत. महाधमनी जेथें मागच्या पायांकडे फुटते, तेथें रक्ताची गुठळी बसलेली असूं शकते.

मग हृदयाची ध्वनिलहरींनीं तपासणी होते. तिलाच लोक 'इको' म्हणतात. १८८६ सालीं मुंबईस परळ येथें पशुवैद्यक महाविद्यालय निघालें, तेव्हां हृदय जाणण्यास पशुवैद्यापाशीं नळी आणि कान एवढींच साधनें होतीं. १९५३ सालीं स्वीडनमध्यें लुंड येथें एडलर व हर्ट्झ यांनीं, धातूंतील भेगा शोधणारें यंत्र माणसाच्या छातीवर लावून धडकत्या हृदयाचे प्रतिध्वनि टिपले, आणि पुढें ही विद्या जनावरांपर्यंत पोंचली. कुत्र्याचा कान सेकंदास चाळीस हजार कंपनें ऐकतो खरा. पण या लहरींचीं कंपनें कित्येक लाखांच्या घरांत असल्यानें त्याला कांहींच ऐकूं येत नाहीं. त्याला खटकतो तो केवळ छातीवर लावलेला गार लेप!

या चित्रांत पशुवैद्य हृदयाचा डावा वरचा कप्पा महाधमनीच्या मुळाशीं ताडून पाहतो. तो दीडपटीहून बराच रुंद भरला, म्हणजे फुगला असें समजतात. क्वचित् त्या कप्प्यांत रक्त धुरासारखें घोटाळतांना दिसतें. श्रावणांत गोदावरीला पूर असतांना पाण्यावर साय धरत नाहीं. चैत्रांत कुंडाच्या कोपऱ्यांत पाणी थबकलें कीं धरते. रक्ताचेंही तसेंच. प्रवाहाचें मंदावणें, नलिकेच्या अस्तरास इजा आणि खुद्द रक्तांतील बिघाड, हीं गुठळीचीं तीन कारणें जर्मन वैद्य विरशोव याच्या नांवानें ओळखलीं जातात.

मांजराच्या बाबतींत फुगलेला कप्पा आणि हा धूर हीं मोठ्या भयाचीं चिन्हें होत. कुत्र्याचा प्रकार निराळा आहे. लहान जातींत सामान्यतः डावी झडप गळते, कप्पाही फुगतो, तरी तेवढ्यानें गुठळी क्वचितच होते. श्वानाच्या गुठळीचें मूळ बहुधा हृदयाबाहेर असतें: मूत्रपिंडांतून प्रथिनें गळणें, शरीरानें स्वतःच्याच तांबड्या पेशी मारणें, मूत्रपिंडांवरील ग्रंथींचा अतिरेक, कर्करोग. मूत्रांतून जीं प्रथिनें जातात, त्यांतच रक्त गोठूं न देणारें एक प्रथिन असतें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे कोडें उलगडतें. २०१९ सालीं पशुवैद्यांनीं एकमतानें प्रसिद्ध केलेल्या सूचनांत यांपैकीं पहिल्या दोन रोगांत धोका मोठा मानून गुठळी रोखणारें औषध देण्याचा सल्ला आहे. नुसत्या हृदयविकारांत धोका त्याहून कमी मानला आहे.

म्हणून इको निर्दोष आला एवढ्यावर निश्चिंत झालेलें घर फसतें, आणि कप्पा फुगलेला ऐकून आजोबांच्या डबींतली ॲस्पिरिन कुत्र्यास चारणारें घर त्याहून अधिक फसतें. तिनें जनावराच्या जठरांत व्रण पडून रक्तस्राव होऊं शकतो. क्लोपिडोग्रेलसारखें औषधही वजन पाहून वैद्यानेंच द्यावयाचें असतें.

इकोच्या कागदाबरोबर सकाळच्या मूत्राची बाटली न्यावी. शिवाय पाण्याची वाटी हल्लीं दिवसांतून किती वेळां भरावी लागते, हें वैद्य विचारील. मूत्रपिंडाच्या आणि त्या ग्रंथींच्या विकारांत कुत्रा फार पाणी पितो. त्याचें उत्तर घरांत जी व्यक्ति ती वाटी भरते तिलाच ठाऊक असतें, आणि दवाखान्यांत बहुधा दुसराच कोणी जातो.