दोन हात जागा

वाहतूककोंडीत सापडलेला माणूस फोनवर कधी खरं बोलत नाही. पुण्याच्या विद्यापीठ चौकात गाडी रुतलेली असते आणि तो घरी सांगतो, ‘हा काय, पोचलोच!’ ‘ट्रॅफिक फार आहे हो,’ असंही म्हणतो. आपणही त्या ट्रॅफिकमध्ये मोडतो, हे त्याच्या गावीही नसतं. ट्रॅफिक म्हणजे कायम दुसऱ्यांच्या गाड्या!

टॉमटॉम कंपनीच्या २०२४ सालच्या पाहणीत पुण्याचा जगात चौथा नंबर आला. दहा किलोमीटर जायला सरासरी ३३ मिनिटं २२ सेकंद. म्हणजे ताशी अठरा किलोमीटर. आता गंमत ऐका. जपानी संशोधकांचा एक प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. २३० मीटरच्या गोल रस्त्यावर त्यांनी २२ गाड्या सोडल्या. सिग्नल नाही, खड्डा नाही, वरात नाही. सगळ्यांनी एकाच वेगानं जायचं. तरी कोंडी झालीच! कुणी ब्रेक जरासा दाबला, मागच्यानं थोडा जास्त, त्याच्या मागच्यानं आणखी जास्त. थांबण्याची ही लाट ताशी सुमारे वीस किलोमीटरनं मागं मागं सरकत गेली. म्हणजे आपल्यापेक्षा कोंडीच जोरात धावते!

यावर औषध साधं आहे. पुढच्या गाडीपासून अंतर राखलं, की ही लाट विरत जाते. पण आपल्याकडे दोन हात जागा सोडून बघा. त्यात एक स्कूटर आणि अर्धी रिक्षा शिरते, वर मागचा हॉर्न वाजवून आपली अक्कल काढतो.

एका रमजानमध्ये मी रिक्षात असाच अडकलो होतो. मगरिबची वेळ झाली. खिशातल्या खजुरावर रोजा सोडला, पण पाणी नव्हतं. शेजारच्या स्कूटरवरच्या बाईंनी बाटली पुढं केली. म्हणाल्या, ‘घ्या भाऊ. माझी आज संकष्टी. तुमचा उपास सुटला, आमचा चंद्र अजून ट्रॅफिकमध्ये अडकलाय!’ रिक्षावाल्यासकट आम्ही तिघंही हसलो.

तेवढ्यात मागून रुग्णवाहिकेचा सायरन आला. पंधरा मिनिटं ज्यांना इंचभर सरकायला जागा नव्हती, त्यांनी वाट करून दिली. कुणी फुटपाथवर चढलं, कुणी आरसे मिटले. जागा होतीच की! पण दर वेळी असं घडत नाही. आत कुणाचा तरी बाप, कुणाची तरी बाळंतीण असते आणि आपण सिग्नलचे आकडे मोजत बसतो.

म्हणून म्हणतो, सायरनची वाट पाहू नका. पुढच्या गाडीमागं आधीच दोन हात जागा सोडा. त्यात एखादी स्कूटर घुसेल. घुसू द्या. तिलाही घरी ‘पोचलोच’ म्हणून सांगितलेलं असतं!