‘माय पेरेंट्स आर सेपरेटेड’

इअरफोन लावलेत ना? आजचा विषय आहे इंग्रजीतलं तुटणं. म्हणजे सुटणं, निखळणं, उसवणं, वेगळं होणं, सगळंच. सुरुवात माझ्या फजितीपासून करतो.

नोकरीचं पहिलं वर्ष. लंडनच्या टीममधली एक सिनियर कॉलवर होती. बाकीचे यायचे होते, म्हणून घरच्या गप्पा निघाल्या. गावी आमचं एकत्र कुटुंब होतं, मी बारावीत असताना काका आणि बाबा वेगळे झाले, एवढंच मला सांगायचं होतं. डोक्यात ‘विभक्त कुटुंब’ हा शब्द. तोंडातून आलं, ‘माय पेरेंट्स आर सेपरेटेड नाउ.’

पलीकडे शांतता. मग हळूच, ‘ओह, आय अ‍ॅम सो सॉरी.’ मला वाटलं, वाटण्या झाल्याचं हिला किती वाईट वाटतंय, भली बाई आहे! मी अजून पुढे गेलो. ‘नो नो, एव्हरीवन इज हॅपी नाउ.’

पुढच्या आठवड्यात तिचा मेसेज आला: आईसोबत राहायचं असेल तर घरून काम कर. तेव्हा कुठे ट्यूब पेटली. त्या वेळी माझे आई-बाबा बहुतेक एकाच बशीतली बिस्किटं खात बसले असतील.

तर गोंधळ असा आहे. आपण ‘वेगळे झालो’ म्हणतो ते घराबद्दल, चुलीबद्दल. इंग्रजीत आई-वडिलांना ‘सेपरेटेड’ म्हटलं की त्यांचा संसार तुटला, नवरा-बायको वेगळे राहतात, एवढाच अर्थ. मी म्हणायला हवं होतं, ‘वी यूज्ड टू बी अ जॉइंट फॅमिली. नाउ माय अंकल अँड वी लिव्ह सेपरेटली.’ आणि हो, उच्चार बघा. क्रियापद असेल तर शेवटी ‘रेट’, विशेषण असेल तर ‘सेप्रट’. स्पेलिंगमध्ये पी नंतर ए, ई नाही. ही चूक मी कोडच्या कमेंट्समध्ये अजून पकडतो, इंग्रजी मातृभाषा असलेल्यांचीसुद्धा.

दुसरी नेहमीची चूक बटणाची. ‘माय बटन ब्रोक’ म्हणालात तर समोरच्याला वाटेल, बटणाचेच दोन तुकडे झाले. धागा तुटून बटण पडलं असेल तर ‘केम ऑफ’. बटण जागेवर आहे, फक्त काजातून निघालंय, तर ‘केम अनडन’. बुटाची लेसही अनडनच. स्क्रू ढिला झालाय पण पडला नाही, तर ‘केम लूज’. आणि जुन्या पुस्तकाची पानंच्या पानं हातात आली, तर ‘केम अपार्ट’. ‘ऑफ’ म्हणजे एक भाग मूळ वस्तूपासून गेला, ‘अपार्ट’ म्हणजे वस्तूच सुटी झाली. आपल्याकडे बटण ‘जातं’, इंग्रजीत सगळं ‘येतं’. का, ते विचारू नका.

कॉलवर कुणी ‘यू आर ब्रेकिंग अप’ म्हणालं तर घाबरू नका, आवाज तुटतोय एवढंच.

आता माझा लाडका शब्द, ‘डिटॅच’. मुळात जुना फ्रेंच. ‘अटॅच’च्या मुळाशी जमिनीत ठोकलेला खुंटा आहे, म्हणून डिटॅच म्हणजे जणू खुंट्यावरून दावं सोडणं. गाय धडधाकट आहे, फक्त मोकळी आहे. म्हणून तर लॅपटॉपचा कीबोर्ड ‘डिटॅचेबल’ असतो, काढा आणि परत लावा. गिट वापरणाऱ्यांनी ‘डिटॅच्ड हेड’ पाहिलं असेल. नाव भुताच्या सिनेमाचं वाटतं, पण अर्थ इतकाच की तुम्ही सध्या कुठल्याच ब्रँचला बांधलेले नाही. तिथे कमिट करून तसेच दुसरीकडे गेलात, तर ते कमिट कुठल्याही ब्रँचवर नसतात. आधी नवीन ब्रँच करा, म्हणजे दावं बांधलं.

‘सेव्हर’ मात्र जपून वापरा. हे कापून तोडणं, केबल तोडणं, संबंध तोडणं. गंमत म्हणजे सेव्हर आणि सेपरेट एकाच लॅटिन शब्दातून आलेत. आजच्या फ्रेंचमध्ये त्याच घरातल्या ‘सेव्रे’चा अर्थ आहे बाळाचं दूध तोडणं. आपणही तिथे ‘तोडणं’च म्हणतो, बघा. पण ‘वी सेव्हर्ड टाइज विथ माय अंकल’ असं मी कधीच म्हणणार नाही. गणपती अजून काकांकडेच बसतो, आणि पाचही दिवस आम्ही तिथेच जेवतो.

त्या सिनियरला मी शेवटी खरं सांगितलं. ती इतकी हसली की कॅमेराच बंद केला. मग विचारलं, ‘सो व्हॉट डू यू कॉल इट?’ एका शब्दात मला काही सांगता येईना. मी चॅटमध्ये लिहिलं, ‘चूल वेगळी झाली’, आणि खाली शब्दशः अर्थ दिला.

तिचं उत्तर आलं, ‘सेपरेट स्टोव्ह्ज?’

म्हटलं, येस. सेम पेरेंट्स.