चढणीचा मासा



संयोजकांनी मला संगणक क्षेत्रातल्या संधींवर बोलायला सांगितलं होतं. त्या विषयावर आपल्यापैकी निम्म्यांची मुलं माझ्यापेक्षा चांगलं बोलतील. म्हणून मी आज मासे पकडण्यावर बोलणार आहे. हसू नका, दहा मिनिटं द्या, मग घंटा वाजवा.

आठवतंय ना, शाळा सुरू होऊन आठ-पंधरा दिवस झाले की एखाद्या दिवशी कऱ्हेला गढूळ पाणी यायचं आणि मागच्या बाकांवरची मुलं गायब व्हायची. दुसऱ्या दिवशी छडी खायची, पण डोळ्यांत चमक असायची. चढणीचे मासे बघून आलेले असायचे ते.

मासा चढतो कशासाठी? अंडी घालायला. रोहू, कटला, मृगळ हे आपले मोठे मासे साठलेल्या, संथ पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना पुराचं नवं, वाहतं पाणी लागतं. त्यांची अंडी पाण्याबरोबर वाहत जातात आणि दिवसभराच्या आत फुटतात. म्हणूनच पूर्वी या माशांचं बी नदीतूनच गोळा करावं लागायचं. १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधरी यांनी इंजेक्शन देऊन या जातीच्या माशांकडून तळ्यात अंडी घालवून घेतली, तेव्हापासून मत्स्यबीज केंद्रं शक्य झाली. चिलापीचं मात्र तसं नाही. ती संथ पाण्यात वाढते, अंडी-पिल्लं तोंडात सांभाळते. तिला चढावं लागत नाही. उजनीत चिलापी का माजली, याचं एक उत्तर हेच.

उजनी म्हटलं की आमच्या घरात विषय बदलायचा. अप्पांचं गाव पळसदेवच्या बाजूला, भीमेच्या काठावर. धरण १९८० मध्ये पूर्ण झालं, मी जन्मले त्याच सुमारास. गाव, मळा, विहीर सगळं पाण्याखाली गेलं आणि अप्पा बारामतीला नोकरीला आले. घरात मासे व्हायचे, पण उजनीचा मासा कधीच नाही. भिगवणहून कुणी कौतुकानं वाम किंवा मरळ आणली, तरी अप्पा पिठलं-भाकरी खाऊन उठायचे. मला वाटायचं, हा नुसता हट्ट.

पुढे मी नोकरीसाठी अमेरिकेत टेक्सासला गेले. ऑस्टिनमधून कोलोरॅडो नदी वाहते. ॲरिझोनातली प्रसिद्ध कोलोरॅडो ती ही नव्हे. तिच्यावर बुकॅनन नावाचं धरण आहे, १९३०च्या दशकात बांधलेलं. त्याच्या जलाशयात व्हाइट बास नावाचा मासा राहतो. रुपेरी अंग, त्यावर काळसर रेघा, वजन साधारण अर्धा-पाऊण किलो. फेब्रुवारी-मार्चमध्ये पाणी जरा ऊबदार झालं की हा मासा जलाशय सोडून नदीत वर चढतो. आधी नर येतात, मागून गाभोळीनं भरलेल्या माद्या. आपण मृग लागायची वाट बघतो, तसे तिथले लोक रेडबडच्या झाडाला गुलाबी फुलं यायची वाट बघतात. फुलं आली की मासा चढला म्हणायचं.

ऑफिसातल्या एका मैत्रिणीनं मला तिथं नेलं आणि हातात फ्लाय फिशिंगची काठी दिली. आपल्या गळाला आमिषाचं वजन असतं, ते दोरीला ओढत नेतं. इथं उलटं. आमिष म्हणजे केस, पिसं बांधलेला हलका आकडा. वजन असतं ते दोरीला. काठी मागे न्यायची, दोरी मागे पूर्ण सुटेपर्यंत क्षणभर थांबायचं आणि मग पुढे. तो थांबण्याचा क्षण चुकला की दोरी स्वतःच्याच गळ्यात. माझे पहिले दोन शनिवार दोरी सोडवण्यात गेले.

तिथं परवाना लागतो. दहा इंचांपेक्षा लहान व्हाइट बास ठेवता येत नाही आणि माणशी दिवसाला पंचवीसच्या वर नेता येत नाहीत. लोक पट्टी घेऊन बसतात. मासा मोजतात, भरत नसेल तर सोडून देतात. कुणी बघत नसलं तरी.

२०१७ च्या मार्चमध्ये अप्पा आमच्याकडे आले होते. त्यांचाही परवाना काढला आणि घेऊन गेले. काठी त्यांनी हातातही घेतली नाही. काठावर बसून नुसतं पाण्याकडे बघत राहिले. मी एक मादी काढली. पोट तट्ट फुगलेलं, मापातही बसत होती. अप्पा उठले, म्हणाले, "सोड तिला. लेकुरवाळीला अडवू नये." त्यांच्या आज्याचा नियम होता म्हणे. पहिला लोंढा जाऊ द्यायचा, मग जाळं टाकायचं.

परतताना मी त्यांना सांगितलं, की या जलाशयाखालीही एक गाव आहे, ब्लफ्टन. दुष्काळात पाणी फार उतरलं की तिथल्या घरांचे पाये दिसतात.

बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, "आपलं पळसनाथाचं देऊळ दिसतं तसं." आणि थोड्या वेळानं, मी न विचारताच, "पोरी, मला उजनीचा राग नाय. इंदापूरच्या रानात ऊस उभा राहिला तो पाण्यानंच. पण जमिनीचे पैसे घेतले तवा हात थरथरला होता. तो मासा ताटात आला की वाटायचं, पुन्हा एकदा मोबदला घेतोय."

सदतीस वर्षं मी त्याला हट्ट म्हणत होते.

मंडळी, मी तुम्हाला काठी विकायला आलेले नाही. एवढंच मागते. आपल्यातल्या कुणाची हॉटेलं आहेत, कुणी सरपंच आहे, कुणी मच्छीमार सोसायटीत आहे. पावसाळ्यात दौंडचा विसर्ग किती हजार क्युसेक झाला हे आपण सगळे मोबाइलवर बघतो. ते पाणी आलं की मासा चढतो. तेवढे दिवस त्याला वाट द्या. आणि बारीक जाळ्यातली बोटाएवढी रोहू-कटल्याची पिल्लं बाजारात दिसली तर घेऊ नका. गिऱ्हाईक नसेल तर ती पकडायला कोण जाईल? ज्यांची गावं गेली, त्यांच्या नातवंडांच्या वाट्याला निदान भरलेलं पाणी तरी राहू दे.

परवा इथं येताना अप्पांना घेऊन भिगवणला थांबले. मी काही बोलले नाही. त्यांनीच वेटरला विचारलं, "चिलापी ताजी आहे का?" एक तुकडा खाल्ला, सावकाश, काटे बाजूला लावत.

म्हणाले, "मीठ जरा जास्त झालंय."

आणि दुसरा तुकडा घेतला.