ज्वारीतले खडे

बी.एस्सी. झाले की बी.एड. करायचे, ही आमच्या बीडकडची सरळ वाट. दुसऱ्या वर्षानंतर देशातल्या तीन विज्ञान अकादमींची उन्हाळी शिष्यवृत्ती मिळाली आणि मी अंबाजोगाईहून पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रात दोन महिने काम केले.

खोडदच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या पाहून वाटले, आता शोध लागणार! प्रत्यक्षात मी नोंदी निवडत बसलो. आकाशातून येणाऱ्या लहरी क्षीण. वीजवाहिन्यांचा, मोबाइलचा गोंगाट मोठा. ज्वारीतले खडे वेचावेत तसे काम.

एकदा आलेखात ठळक टोक दिसले. मी धावतच मार्गदर्शकांकडे गेलो. त्यांनी एवढेच विचारले, ‘‘हे पृथ्वीवरचे नाही कशावरून?’’

तारा रोज सुमारे चार मिनिटे आधी उगवतो. माझे टोक मात्र रोज घड्याळाच्या त्याच वेळेला यायचे. म्हणजे तेही खडाच! अहवालात मी तसे लिहिले.

शिफारसपत्र पुढच्या प्रवेशाला उपयोगी पडले, हे खरे. पण त्याहून मोठी कमाई वेगळी. आपल्याच आनंदावर शंका घेण्याचे हे काम आयुष्यभर आवडेल का, ते दोन महिन्यांत कळले. मला आवडले. सोबतच्या एकाला नाही आवडले. वेळीच कळले, हा त्याचाही फायदाच.