मैदान : बालआरोग्याचे पहिले साधन
(गंगाखेड येथील पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संत जनाबाईंच्या जन्माने पावन झालेल्या या गोदाकाठच्या नगरीत बालकांच्या आरोग्यासाठी आपण एकत्र आलात, याचा आम्हांस आनंद वाटतो. आजारी माणसाची सेवा हा रुग्णालयाचा धर्मच आहे. परंतु मूल आजारी पडू नये यासाठी झटणे, हेही आम्ही आमचे कर्तव्य मानतो.

"आमचे लेकरू काडीसारखे बारीक, त्याला व्यायाम कशाला?" असे अनेक पालक विचारतात. या प्रश्नाचे उत्तर पुणे जिल्ह्यातून मिळते. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली सहा खेड्यांतील मातांचा अभ्यास हाती घेतला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो होते. आपली बाळे लहान होती, त्यांचे स्नायू कमी होते. मात्र त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. हीच मुले १८ वर्षांची झाल्यावर ६१९ जणांची तपासणी झाली. त्यांपैकी ३७ टक्के मुलगे व १८ टक्के मुली यांच्या रक्तातील साखर प्रमाणाबाहेर आढळली. बहुतेकांची ही मधुमेहाची पूर्वावस्था होती. विशेष म्हणजे, तपासलेल्यांपैकी ४८ टक्के जणांचे वजन कमीच होते.

तात्पर्य, बारीक मूल म्हणजे धोक्याबाहेरचे मूल नव्हे. या दोषाची मुळे गर्भावस्थेपर्यंत पोहोचतात. म्हणून गरोदर मातेचा आहार सर्वप्रथम. त्यानंतर महत्त्व स्नायूंचे. स्नायू कामाला लागले की रक्तातील साखर वापरली जाते. धावण्या-उड्या मारण्याने हाडे बळकट होतात. ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांनी दररोज सरासरी ६० मिनिटे दमछाक होईल असे खेळावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडील उन्हाळा पाहता हा तास सकाळी लवकर किंवा दिवस कलल्यावर ठेवावा.

खेळाबरोबर आहारही हवा. वेफर्सच्या पुड्यापेक्षा ज्वारीची भाकरी, वरण, शेंगदाणे व पालेभाजी कितीतरी हितकर. परभणीच्या कृषी विद्यापीठातून २०१८ साली आलेल्या 'परभणी शक्ती' या ज्वारीच्या वाणात तर लोह व जस्त अधिक आहे.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. आपल्या तालुक्यातील काही लेकरे आई-वडिलांबरोबर ऊसतोडीला जातात. त्यांच्या अंगाला कष्ट पडतात, पण कष्ट म्हणजे खेळ नव्हे. त्यांना पोटभर अन्न, विश्रांती आणि शाळा आधी मिळाली पाहिजे.

दुसरी चिंता मुलींची. मुलगी जरा मोठी झाली की तिचे अंगणातले खेळणे थांबते. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत पहिली खो-खो विश्वचषक स्पर्धा झाली. भारताच्या पुरुष व महिला, दोन्ही संघांनी विजेतेपद मिळविले आणि दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचेच होते. या खेळाला लागतात दोन खांब, चुन्याच्या रेघा आणि मोकळी जागा. गंगाखेडच्या मुलींनाही एवढे मिळावयास हवे.

देणगीदारांनी आजवर यंत्रे दिली, खाटा दिल्या; त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. आज आमचे मागणे निराळे आहे. आपापल्या गल्लीतील एखादी मोकळी जागा मुलांसाठी साफ करून द्यावी. शाळा सुटल्यावर शाळेचे मैदान उघडे राहील, असे पाहावे. पालकांनी रोज एक तास भ्रमणध्वनी बाजूला ठेवून मुलांबरोबर बाहेर पडावे. शिकवणी एक तास उशिरा सुरू झाली तर फारसे बिघडत नाही. वाढीचे वय मात्र पुन्हा येत नाही.

आमच्या खाटांची गरज पुढच्या पिढीला कमी पडो, हीच प्रार्थना.