तेलाचा पातळ थर आणि यंत्राचे आयुष्य

(वाळपई येथील व्याख्यान)



सत्तरीतील पुष्कळ घरांत शिवणयंत्र आहे. अशी यंत्रे सहसा मोडून निकामी होत नाहीत. ती झिजून निकामी होतात. ही झीज अडविणारा रक्षक म्हणजे केसाहूनही कितीतरी पातळ असा तेलाचा थर. त्याविषयी चार शब्द सांगावयाचे आहेत.

गुळगुळीत भासणाऱ्या पोलादावरही सूक्ष्मदर्शकातून पाहिल्यास उंचवटे व खळगे दिसतात. दोन पृष्ठभाग घासले की हे उंचवटे परस्परांना भिडतात, तापतात व तुटतात. मध्ये तेल असता काय घडते, हे इंग्लंडमधील ब्यूचँप टॉवर यांच्या १८८३ सालच्या प्रयोगांत दिसून आले. बेअरिंगच्या माथ्यावरील छिद्रात त्यांनी लाकडी बूच ठोकले; आस फिरू लागताच तेलाने ते बाहेर ढकलले. फिरणारा आस तेलाला निमुळत्या फटीत ओढून नेतो, तेथे दाब उत्पन्न होतो आणि त्या दाबावर सारा भार तोलला जातो, ही उपपत्ती ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ साली गणिताने मांडली.

यावरून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. यंत्र सुरू होताना वेग कमी असल्याने हा थर पुरता तयार होत नाही व झीज अधिक होते. म्हणून तेल घातल्यावर चाक प्रथम सावकाश फिरवावे. दुसरे असे की, धुळीचा बारीक कणही हा थर भेदतो. आपल्या तांबड्या मातीत लोहाचे ऑक्साइड आहे. त्याचीच पूड काच व धातू घासून चकचकीत करण्यासाठी वापरतात. ती तेलात मिसळली की वंगणाचीच घासणी होते. यास्तव आधी धूळ व धाग्यांचा कचरा कुंचल्याने काढावा, मगच तेल घालावे.

प्रत्येक छिद्रात एक-दोन थेंब पुरेत. जादा तेल धूळ धरून ठेवते व कापड डागाळते. हाताशी आहे म्हणून खोबरेल वापरू नये. हिवाळ्यात पहाटे ते बाटलीत थिजते, तसेच यंत्रातही थिजते. शिवणयंत्रासाठी मिळणारे पातळ खनिज तेलच घालावे. पावसाळ्यात यंत्र बंद राहणार असेल, तर गंज चढू नये म्हणून उघड्या धातूवर तेलाचे बोट फिरवून ते झाकून ठेवावे.

शिवणावर संसार चालविणाऱ्या भगिनीचे यंत्र अडले की त्या दिवसाची मजुरी बुडते. शिक्षकांनी हे साधे नियम मुलांना यंत्रावरच दाखवावेत, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.